पडदा कुणाच्या हातचा?

पनवेल तालुक्यातल्या तळोजा औद्योगिक वसाहतीचे नाव सप्टेंबर २०२४ मध्ये एकदम देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. इस्रायलची टॉवर सेमीकंडक्टर ही कंपनी आणि अदानी समूह मिळून तेथे चिपचा कारखाना काढणार, दोन टप्प्यांत ८३,९४७ कोटी रुपये गुंतवले जाणार आणि पाच हजारांहून अधिक लोकांना काम मिळणार, अशी ती बातमी होती. राज्य सरकारने प्रकल्पाला मंजुरीही दिली. पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर या पट्ट्यात ज्या घरांत इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतलेला मुलगा किंवा मुलगी आहे, तेथे या बातमीने आशा निर्माण व्हावी हे स्वाभाविकच होते. पुढे मे २०२५ मध्ये वृत्तसंस्थांनी दुसरी बातमी दिली. अदानी समूहाने टॉवरशी चाललेली बोलणी थांबवली आहेत, अशी ती होती.

मोठे प्रकल्प जाहीर होतात, काही उभे राहतात, काही विरून जातात. जगभर हे चालतेच. परंतु महाराष्ट्रात इलेक्ट्रॉनिक्सच्या बाबतीत हे वारंवार का घडते, याचा विचार आपण बहुधा राजकारणाच्या अंगानेच करतो. प्रकल्प कुणी पळवला, कुणी घालवला, कुणाच्या कारकिर्दीत गेला, यावर चर्चा झडतात. ती वस्तू तयार कशी होते आणि ती करायला नेमके काय लागते, हा प्रश्न मात्र मागे राहतो. आज तो प्रश्न विचारून पाहू. त्यासाठी चिपपेक्षा मोबाईलचा पडदा सोयीचा आहे. तो आपल्या सर्वांच्या हातात असतो, आणि महाराष्ट्राला पडद्याच्या कारखान्याचे आश्वासन एकदा नव्हे, तीनदा मिळालेले आहे.

तीन घोषणा

पहिले आश्वासन पनवेलच्या शेजारचेच. औरंगाबादजवळच्या चितेगावात टीव्ही बनवणाऱ्या व्हिडिओकॉनने २००८ च्या सुमारास नवी मुंबई परिसरात एलसीडी पडद्यांचा कारखाना काढण्याची योजना मांडली होती. तो कारखाना झाला नाही. पुढे कंपनीच कर्जात बुडाली आणि २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. दुसरी घोषणा २०१६ ची. वेदान्त समूहाशी संबंधित ट्विनस्टार ही कंपनी नागपूरजवळ बुटीबोरीला २०,००० कोटी रुपये खर्चून पडद्यांचा कारखाना काढणार होती. तोही कागदावरच राहिला. तिसरी घोषणा सर्वांच्या स्मरणात आहे. वेदान्त आणि तैवानची फॉक्सकॉन यांचा १ लाख ५४ हजार कोटींचा प्रकल्प तळेगावला येणार अशी अपेक्षा असताना सप्टेंबर २०२२ मध्ये त्याचा करार गुजरात सरकारशी झाला. महाराष्ट्रात त्यावरून केवढे वादळ उठले! ‘चिपचा प्रकल्प गेला’ असा गजर झाला. परंतु त्या रकमेतला निम्म्याहून मोठा वाटा चिपसाठी नव्हता, पडद्याच्या कारखान्यासाठी होता, हे फारसे कुणी बोलले नाही. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने या भागीदारीतून अंग काढून घेतले आणि गुजरातेतही तो कारखाना उभा राहिला नाही.

म्हणजे ज्याच्यासाठी आपण भांडलो, तो पडदा ना तळेगावला झाला ना गुजरातेत. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये चिप आणि पडदे यांच्यासाठी ७६,००० कोटींची योजना आखली. तिच्याखाली ऑगस्ट २०२५ पर्यंत दहा प्रकल्प मंजूर झाले. त्यांत पडदा तयार करणारा एकही नाही. नोएडाला सॅमसंगने ४,८२५ कोटींचा कारखाना काढला, पण तेथे मुख्यतः जुळणीचे काम होते. परदेशात तयार झालेल्या काचेला जोडण्या करून तो भाग फोनमध्ये बसेल असा केला जातो. पडद्याच्या काचेवर रंग उमटवण्याचे काम भारतात होत नाही. खरी मेख तेथेच आहे.

रांगोळीचा छाप

आजच्या चांगल्या फोनचा पडदा ओएलईडी जातीचा असतो. यातले ‘ओ’ हे अक्षर सेंद्रिय या अर्थी आहे. सेंद्रिय म्हणजे शेणखताचे नव्हे. रसायनशास्त्रात कार्बनी संयुगांना सेंद्रिय म्हणतात, त्या अर्थाने. काही कार्बनी संयुगांच्या अतिपातळ थरातून वीज गेली की ती स्वतः उजळतात. अमेरिकेच्या ईस्टमन कोडॅक कंपनीतील चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक या दोन संशोधकांनी १९८७ साली असा उपयोगी पडेल इतका कार्यक्षम दिवा बनवल्याचे जाहीर केले. कोडॅक म्हणजे फोटोच्या फिल्मची कंपनी. पातळ थर देणे आणि रंगद्रव्ये हाताळणे हा तिचा पिढीजात धंदा होता, हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा संदर्भ येणार आहे.

एखाद्या साध्या फोनच्या पडद्यावर साधारण २६ लाख पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा, निळा यांपैकी दोन-तीन रंगांचे ठिपके. म्हणजे हाताच्या तळव्याएवढ्या जागेत पन्नास लाखांहून अधिक ठिपके झाले. प्रत्येक ठिपका आपापल्या जागी बसला पाहिजे आणि शेजाऱ्यात मिसळता कामा नये. या सेंद्रिय थरांची एकूण जाडी आपल्या केसाच्या जाडीच्या सातशे-आठशेव्या भागाइतकी असते. शिवाय या द्रव्यांना हवेतला ओलावा आणि प्राणवायू सोसत नाही. पाणी लागले की ती मरतात. त्यामुळे ओल्या शाईने छापणे आणि नंतर धुऊन काढणे, ही छापखान्यातली नेहमीची रीत येथे चालत नाही.

मग ठिपके मांडतात कसे? दिवाळीत उंबरठ्यावर रांगोळीचा छाप वापरतात, तसे. पत्र्याला भोके असतात, वरून रांगोळी सोडली की भोकांखाली नक्षी उमटते. पडद्याच्या कारखान्यात पत्र्याच्या जागी इन्व्हार नावाच्या लोखंड-निकेलच्या मिश्रधातूचा कागदाहूनही पातळ पत्रा असतो आणि त्याला अतिसूक्ष्म भोके पाडलेली असतात. हा मिश्रधातू उष्णतेने फारच थोडा प्रसरण पावतो. तो शोधणारे शार्ल एदुआर ग्योम यांना १९२० सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. निर्वात पेटीत सेंद्रिय द्रव्य तापवले की ते कापरासारखे उडते आणि भोकांतून जाऊन काचेवर बसते. एका रंगासाठी एक छाप, दुसऱ्यासाठी दुसरा.

ऐकायला सोपे वाटते. पण रांगोळीच्या छापाचा अनुभव असलेली कोणतीही गृहिणी यातल्या अडचणी सांगू शकेल. छाप मोठा केला की मधे झोळतो. जरासा सरकला की रंगात रंग मिसळतो. आणि बरीचशी रांगोळी भोकांतून खाली न जाता पत्र्यावरच राहते. इथे ती रांगोळी अत्यंत महाग असते. अशी निर्वात यंत्रे बनवणारी सर्वांत नावाजलेली कंपनी म्हणजे जपानच्या निगाता प्रांतातली कॅनन टोकी. ती वर्षाला मोजकीच यंत्रे बनवते आणि मोठमोठ्या कंपन्यांनी त्यांच्यासाठी रांगा लावल्या आहेत.

कार्बन पेपरची युक्ती

या छापापासून सुटका कशी करून घ्यावी, यावर जगातल्या मोठ्या प्रयोगशाळांनी डोके लढवले. त्यातली एक युक्ती फार देखणी होती. तिला उष्णतेने थर उतरवण्याची पद्धत म्हणता येईल. संगणक येण्यापूर्वी कचेरीत टंकलेखन करताना दोन कागदांमध्ये कार्बन पेपर घालत. वर अक्षर आपटले की खालच्या कागदावर तेवढीच शाई उतरे. तीच ही कल्पना. एका प्लास्टिकच्या फिल्मवर उष्णता धरणारा एक थर आणि त्यावर प्रकाश देणारे सेंद्रिय द्रव्य पसरायचे. ही फिल्म काचेवर पालथी घालायची आणि पाठीमागून लेसरचा बारीक किरण फिरवायचा. किरण जेथे पडेल तेथे प्रकाशाची उष्णता होते आणि तेवढीच पट्टी फिल्म सोडून काचेला चिकटते. मग फिल्म सोलून काढायची आणि दुसऱ्या रंगाची घालायची. पत्र्याचा छाप नाही, झोळणे नाही. पडदा कितीही मोठा करा, लेसरला फरक पडत नाही.

अमेरिकेची थ्रीएम आणि कोरियाची सॅमसंग एसडीआय यांनी मिळून या पद्धतीवर काम केले. कोडॅकने आणि जपानच्या सोनीने आपापले प्रकार काढले. त्यांत थर चिकटवण्याऐवजी वाफेच्या रूपाने समोरच्या काचेवर उडवला जाई. सोनीने २००७ साली या रीतीने केलेला २७ इंची नमुना शास्त्रज्ञांसमोर मांडला. आता छापाचे दिवस संपले, असे अनेकांना वाटले असेल.

तसे झाले नाही. प्रयोगशाळेत पडदा उजळे, पण कारखान्यात अडचणींची माळ लागे. उष्णतेने उतरवलेल्या थराचे आयुष्य निर्वात पेटीत बसवलेल्या थरापेक्षा कमी भरे. फिल्म आणि काच यांच्यामध्ये धुळीचा एक कण सापडला तरी तेथे डाग पडे. फिल्म एकदाच वापरायची आणि फेकून द्यायची, त्यामुळे प्रत्येक पडद्यामागे तिचा खर्च. आणि मुख्य म्हणजे, इकडे हे चालू असताना तिकडे जुन्या छापाचे कारागीर स्वस्थ बसले नव्हते. त्यांनी पत्रा अधिक पातळ केला, तो ताणून धरण्याची रीत सुधारली, मोठी काच अर्धी कापून वापरली. सॅमसंगने स्वतःच फोनच्या पडद्यांचे उत्पादन २००७ पासून छापाच्याच पद्धतीने वाढवत नेले. मोठ्या टीव्हीसाठी एलजीने तिसरीच वाट काढली. रंगीत ठिपके मांडण्याची कटकटच नको म्हणून पडदाभर पांढरा उजेड देणारा थर पसरायचा आणि वर रंगीत गाळण्या लावायच्या. कोडॅकचा या विषयातला व्यवसाय एलजीच्या समूहाने २००९ साली विकत घेतला होता. ज्या कोडॅकने हा दिवा शोधला, ती कंपनी जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली.

छापाशिवाय पडदा करण्याचा आणखी एक प्रयत्न जपानमध्ये झाला. सोनी आणि पॅनासॉनिक यांचे विभाग एकत्र करून २०१५ साली जेओलेड ही कंपनी निघाली. ती शाईच्या छपाईयंत्रासारखी द्रव्ये फवारून पडदे बनवत असे. तिलाही मार्च २०२३ मध्ये न्यायालयाचे संरक्षण मागावे लागले.

उताऱ्याचे गणित

या सगळ्यातून आपण काय घ्यायचे? साखर कारखान्याच्या भाषेत सांगायचे तर सगळा खेळ उताऱ्याचा आहे. टनभर उसातून किती साखर निघाली यावर कारखाना तरतो की बुडतो, हे पश्चिम महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पडद्याच्या कारखान्यातही शंभर पडदे केले तर विकण्याजोगे किती निघाले, हाच प्रश्न. नव्या कारखान्यात सुरुवातीला टाकाऊ माल भरपूर निघतो. तो का निघाला, धूळ कोठून आली, छाप किती सरकला, द्रव्य किती शुद्ध होते, हे रोज तपासत उतारा हळूहळू वर न्यावा लागतो. ते ज्ञान एकस्वाच्या कागदांत पूर्णपणे लिहिलेले नसते. ते पाळीवर काम करणाऱ्या अभियंत्याच्या, तंत्रज्ञाच्या आणि देखभाल करणाऱ्या कामगाराच्या अंगवळणी पडलेले असते. कल्पनेने सरस असलेली उष्णतेची पद्धत, मुरलेल्या हातांनी चालवलेल्या छापापुढे हरली, ती यामुळेच.

चीनची गोष्ट या दृष्टीने पाहावी. तेथील बीओई ही कंपनी १९९३ ची. तिने अनेक वर्षे तोटा सोसला. हफेई शहराच्या सरकारने २००८ च्या सुमारास तिच्या कारखान्यात स्वतःचा पैसा भागभांडवल म्हणून घातला. ओएलईडी पडद्यांचे मोठे उत्पादन तिने चेंगडूला २०१७ साली सुरू केले. म्हणजे स्थापनेपासून चोवीस वर्षांनी! आपल्याकडे सामंजस्य करारावर सही झाली की दोन वर्षांत पहिला पडदा बाहेर पडेल अशी तारीख जाहीर होते. ज्याला हा धंदा ठाऊक आहे, तो अशा तारखेवर विश्वास ठेवणार नाही.

आपल्याकडे प्रयत्न झालेच नाहीत असे मात्र नाही. उत्तरेतल्या सॅमटेल या चित्रनलिका बनवणाऱ्या कंपनीच्या साहाय्याने कानपूरच्या आयआयटीत २००० साली पडद्यांच्या तंत्रज्ञानाचे केंद्र सुरू झाले. तेथे संशोधन झाले, विद्यार्थी शिकले. पण चित्रनलिकेचा जमाना संपला, ज्या उद्योगाच्या आधारावर केंद्र उभे राहिले तोच मावळला, आणि शिकलेल्यांना देशात कारखाना मिळाला नाही. नुसती प्रयोगशाळा पुरत नाही आणि नुसता पैसाही पुरत नाही. दोन्ही दीर्घकाळ एकत्र नांदावे लागतात.

पनवेलकडे काय आहे?

आता पनवेलकडे येऊ. हा प्रदेश उद्योगांना नवखा नाही. धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना येथे १८७२ साली निघाला. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा कारखाना जवळच उभा राहिला आणि त्या गावाला रसायनी हेच नाव पडले. रंग आणि औषधे यांना लागणारी कार्बनी संयुगे तेथे होत. तळोजा आणि पाताळगंगा या वसाहतींतही रसायनांचे कारखाने आहेत. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था १९३३ पासून या विषयातले पदवीधर घडवते आहे.

हे सांगण्याचे कारण असे की ओएलईडी पडद्याचा जीव कार्बनी संयुगांत आहे. कोडॅकची मूळ कमाईही तीच होती: यंत्रे नव्हेत, रंगद्रव्यांची जाण. जुलै २०१९ मध्ये जपानने दक्षिण कोरियाला जाणाऱ्या तीनच रसायनांच्या निर्यातीवर कडक नियम लावले. त्यांतले एक दुमडत्या पडद्यांसाठी लागणारे फ्लोरिनयुक्त पॉलिइमाइड होते. जगाला पडदे आणि चिप पुरवणारा कोरिया तीन रसायनांसाठी हवालदिल झाला. ज्याच्या हाती शुद्ध रसायन, त्याच्या हाती किल्ली, हे त्या प्रसंगाने उघड झाले.

पनवेलच्या परिसराला हा रस्ता चिपच्या आणि पडद्याच्या महाकाय कारखान्यापेक्षा जवळचा आहे. अर्थात तो सोपा नाही. औषधाला पुरणारी शुद्धता पडद्याला पुरत नाही. द्रव्य पुन्हा पुन्हा उडवून, गोळा करून शुद्ध करावे लागते. पण त्यासाठी लागणारी विद्या आपल्याला परकी नाही. आणि नेमक्या याच काळात आपण काय केले? केंद्र सरकारने २०१७ साली हिंदुस्थान ऑर्गॅनिकचा रसायनीचा कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला. तो तोट्यात होता हे खरे. पण तेथल्या अनुभवी माणसांचे ज्ञान नव्या कामाला कसे लावता येईल, याची चर्चा त्या वेळी जाहीरपणे कितीशी झाली?

दुसरी बाजूही लपवता कामा नये. रसायन उद्योगाची किंमत या भागाने मोजली आहे. तळोज्यातून वाहणाऱ्या कासाडी नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. नव्या नगरासाठी येथल्या शेतकऱ्यांनी आणि आगऱ्यांनी जमिनी दिल्या, त्यांच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात झालेल्या आंदोलनात पाच जणांचा बळी गेला. तेव्हा ‘उद्योग येतोय, जमीन द्या, पाणी द्या’ असे म्हटले की येथला जुना माणूस आधी हिशेब मागतो, याचा कुणी राग मानू नये.

पुढची घोषणा होईल तेव्हा

आणि घोषणा पुन्हा होणारच. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. अशा जागेकडे भांडवल येणार. त्या वेळी आकड्याने दिपून जाऊ नये. टॉवर-अदानी प्रकल्पाचाच हिशेब मांडला तर एका नोकरीमागे जवळजवळ १७ कोटींची गुंतवणूक पडते. म्हणजे अशा कारखान्याकडे केवळ नोकऱ्यांसाठी पाहणे व्यवहाराला धरून नाही. त्याचे मोल तेथे काय शिकायला मिळते यात आहे. आणि सरकारी योजनेत उभारणीचा निम्म्यापर्यंत खर्च जनतेच्या तिजोरीतून जाणार असेल, तर ते विचारण्याचा हक्क जनतेला आहे.

कोणते काम येथे होणार: काचेवर ठिपके मांडण्याचे, की बाहेरून आलेल्या काचेला तारा जोडण्याचे? हफेईप्रमाणे आपल्या पैशाच्या बदल्यात आपल्याला काही वाटा मिळणार की नुसतीच खिरापत? पनवेल-उरणच्या आयटीआयमधून आणि तंत्रनिकेतनांतून किती जणांना, किती वर्षे, कुठल्या चालू कारखान्यात शिकायला पाठवणार? पाणी किती लागणार, कोठून आणणार आणि वापरून झाल्यावर कोठे सोडणार? रसायने स्थानिक कारखान्यांकडून घेण्याची काही अट आहे काय? हे प्रश्न विचारायला तंत्रज्ञ असावे लागत नाही. मुलाच्या शिक्षणाला पैसे भरताना आईवडील जसे चौकशी करतात, तेवढी चिकाटी पुरे.

मोठा प्रकल्प येईपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. माटुंग्याची संस्था, मुंबईची आयआयटी आणि तळोजा-रसायनीचे कारखानदार यांनी एकत्र येऊन पडद्याच्या दोन-चार द्रव्यांची शुद्धता परदेशी गिऱ्हाइकाला पसंत पडेल इतकी वाढवली, तर ती सुरुवात ठरेल. तिचा खर्च ८३ हजार कोटींच्या तुलनेत किरकोळ असेल आणि वर्तमानपत्रात तिला चार ओळींचीच जागा मिळेल. पण त्या कामावर पाच-दहा वर्षे हात बसलेले दोन-तीनशे तरुण या तालुक्यात तयार झाले, तर पुढचा कारखानदार पनवेलला केवळ जमीन आणि सवलत पाहून येणार नाही, त्या हातांसाठी येईल. आणि असा आलेला कारखाना दुसऱ्या राज्याने अधिक सवलत देऊ केली म्हणून रातोरात उठून जात नाही.